लीडरशिप कॅम्पला निवड झाली, पण माझं कोणी ऐकतच नाही!

पत्र

ताई, नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एनसीसीच्या सीनियर विंगमध्ये कॉर्पोरल आहे. ऑल इंडिया लीडरशिप कॅम्पसाठी माझी निवड झालीय, कॅम्प दुसऱ्या राज्यात आहे. सगळ्यांना वाटतंय मी हवेत असेन, पण मला रात्री झोप लागत नाही.

गेल्या वार्षिक कॅम्पला मला तंबूची सीनियर केलं होतं. आम्ही दहाजणी होतो. पहिल्याच दिवशी झाडलोट करायला सांगितलं, तर दोघीतिघी म्हणाल्या, 'मोठी आली मॅडमची चमची.' त्यानंतर मी सांगणंच सोडून दिलं. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मीच झाडायचे, पाणीही मीच भरायचे. इन्स्पेक्शनला आमचा तंबू पहिला आला, शाबासकी मला मिळाली. पण मला आनंद झाला नाही.

माझा आवाज बारीक आहे. हिंदी तोडकीमोडकी, इंग्रजीचं तर नावच नको. बरोबर येणाऱ्या मुली शहरातल्या, धडाधड बोलणाऱ्या. माझ्या जवळच्या मैत्रिणीचा आवाज ग्राउंडच्या पलीकडे जातो, पण तिची निवड झाली नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणतात, 'सैन्यात मुलींना कोण विचारतंय? त्यापेक्षा एमपीएससीचा अभ्यास कर.' त्यात प्रॅक्टिकलच्या तारखाही त्याच सुमारास येतायत.

जाऊ का? आणि गेले, तर त्या मुलींसारखी कशी होऊ?

— एक कॅडेट

उत्तर

प्रिय कॅडेट,

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की तंबू पहिला येऊनही तुला आनंद झाला नाही. दहाजणींचं काम एकटीनं ओढलं, वर कौतुकही झालं, तरी यात काहीतरी राहून गेलंय हे तुझं तुलाच कळलं. मी कॅडेट होते, पुढे कॉलेजात एनसीसीची अधिकारी म्हणून वर्षानुवर्षं मुलींना कॅम्पला नेलं. सीनियर झालेल्या मुलींचे दोन नमुने मी सारखे पाहिले. एक दिवसभर ओरडत असते आणि दुसरी सगळं स्वतःच करून मोकळी होते. दोघींच्याही हाताखालच्या मुली कोऱ्याच्या कोऱ्या घरी जातात. पहिलीला कोणीतरी टोकतं तरी. दुसरीला सगळे 'किती गुणी पोर' म्हणतात, त्यामुळे तिचं काय अडलंय याकडे कोणाचं लक्षच जात नाही. तुझं तुझ्याकडे गेलं. कॅम्पला जाण्यासाठी एवढी तयारी पुरेशी आहे.

आता त्या 'चमची'कडे येऊ. तू त्या दिवशी नेमकं काय म्हणालीस ते लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज असा, की 'चला गं, झाडून घ्या पटकन' असं काहीतरी म्हणाली असशील. काल रात्री तुझ्याच डब्यातला चिवडा खाल्लेल्या मुली आज तुझा हुकूम कशाला ऐकतील? आणि हुकूम तरी कोणाला होता? कोणाचंच नाव घेतलं नाही, की काम कोणाचंच राहत नाही.

सैन्यात तोंडी आदेश देण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी परिस्थिती सांगायची, मग काम काय ते, मग ते कोण कसं करणार, मग साहित्य आणि व्यवस्था, शेवटी संपर्काचं, म्हणजे मी कुठे सापडेन आणि माझ्या मागे कोण जबाबदार. पलटणीच्या मोहिमेला जी रीत, तीच तंबूच्या झाडलोटीलाही चालते. करून बघ. रात्री रोल कॉल झाल्यावर सगळ्याजणींना जवळ बसवायचं आणि सांगायचं: "उद्या सव्वासहाला इन्स्पेक्शन आहे. सहापर्यंत तंबू तयार पाहिजे. तू आणि तू बिस्तरे, घड्या एका रेषेत. तुम्ही दोघी आतली झाडलोट. तुम्ही तिघी बादल्या भरा, नळावर गर्दी होते म्हणून पाचलाच निघा. तू दोऱ्या आणि खुंट्या बघ. तू बूट ओळीत लाव. मी तंबूभोवतीचा चर साफ करते. झाडू मी आत्ताच आणून ठेवलाय. मी बाहेरच असेन, नसले तर हिला विचारा." मग विचारायचं, "कोई शक?" आणि एकीला म्हणायचं, "तुझं काम काय, सांग बघू परत."

हे सगळं बोलायला एक मिनिट लागतं. यात तुझा आवाज कुठेच लागला नाही, विचार लागला. नळावर गर्दी होते हे तुला आधी माहीत असायला हवं होतं, झाडू तू आधी आणून ठेवायला हवा होतास, आणि चराचं चिखलाचं काम तू स्वतःकडे घेतलंस हे बाकीच्या नऊहीजणींनी पाहिलं. अशा मुलीला चमची म्हणायला जीभ सहसा रेटत नाही.

तरीही एखादी अडून बसेलच. तिला चारचौघींत बोलू नकोस. बाजूला घे आणि विचार, काय झालंय. निम्म्या वेळा कारण भलतंच निघतं. पाळी आलेली असते, टाचेला फोड आलेला असतो, नाहीतर घरची आठवण येऊन रात्रभर झोप नसते. अशा वेळी काम बदलून दे. कारण काहीच नसेल तर तिचं काम तिचंच राहील, ते गुपचूप उचलून स्वतः करायचं नाही. इथेच तू मागच्या वेळी घसरलीस. पुन्हापुन्हा तेच झालं तर जीसीआय मॅडमना, म्हणजे मुलींच्या प्रशिक्षिकांना, स्पष्ट सांगायचं. ही चहाडी नाही. बाकीच्या आठजणी आपापलं काम करत असतात, त्यांच्यासाठी ते सांगावंच लागतं.

आवाजाचं म्हणशील, तर ड्रिलच्या कमांडची रचना नीट ऐक. 'दाहिने' हा पहिला भाग ओढून येतो, मग क्षणभर थांबणं, आणि मग 'मुड़' तुटक, झटक्यात. पहिल्या भागात काय करायचं ते कळतं, दुसऱ्यात कधी करायचं ते. मधली ती विश्रांती खाल्ली की स्क्वॉड गोंधळते, मग आवाज कितीही मोठा असो. बारीक आवाजाच्या मुली ही विश्रांती हमखास खातात, कारण त्यांना कमांड एकदाची संपवायची घाई असते. पोटातून श्वास घे, हनुवटी वर ठेव, सगळ्यात मागच्या रांगेतल्या मुलीकडे बघून बोल. घशातून ओरडणाऱ्यांचा घसा दोनतीन दिवसांत बसतो. रोज संध्याकाळी मोकळ्या रानात सराव कर, आणि जमलं तर तो तुझ्या मैत्रिणीसमोर कर. तिला सांग, तुझ्याइतकी कमांड मला येत नाही, मला शिकव. हे खरंच आहे, म्हणून ते तिला भिडेलही. निवड झाली नाही हे तिचं दुःख खरं आहे. त्यावर 'पुढच्या वेळी होईल गं' असलं काही बोलू नकोस. शिकव म्हण. ती आली तर उत्तम. नाही आली, तर वाट बघ, पण त्यापायी कॅम्प सोडू नकोस.

आता कॅम्पमध्ये खरोखर काय बघतात ते सांगते, कारण शहरातल्या मुलींची धास्ती तुला इथेच बसलीय. लीडरशिप कॅम्पात बहुतेक वेळा एसएसबीच्या, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या चाचणीच्या, धर्तीची कामं करून घेतात. मैदानात अडथळे मांडलेले असतात. तुमच्याकडे एक फळी, एक बल्ली म्हणजे लाकडी वासा, दोरी आणि वाहून न्यायचं एक ओझं. जमिनीला पाय न लावता ह्या टोकाकडून त्या टोकाला जायचं. लाल रंगाच्या भागाला माणसानंही शिवायचं नाही आणि सामानानंही. गटात कोणालाच लीडर नेमलेलं नसतं. पहिल्या मिनिटाला सगळ्याजणी एकदम बोलतात, फळी तिघी तीन दिशांना ओढतात. सगळ्यात जोरात बोलणारीची कल्पना सहसा आधी मान्य होते, आणि बरेचदा ती फळी दोन वीत कमी पडते.

अशा वेळी तू काय करावंस? बोलण्याआधी अंतर नजरेनं मोज. सुचलं तर एकदा, स्पष्ट, बोट दाखवून सांग: "फळी तिथून नाही पुरणार, बल्ली आधी इथे टेकवू." ऐकलं नाही तर रुसून मागे उभी राहू नकोस. जी कल्पना चाललीय तिच्यात हात घाल, फळीचं मागचं टोक दाबून धर, ओझं वर दे. ती फसली की पुन्हा सांग, आणि 'मी म्हटलं होतं ना' हे चुकूनही तोंडातून काढू नकोस. परीक्षक बाजूला उभे राहून हेच टिपत असतात. दुसरीच्या हाताखाली मन लावून काम करणारी मुलगी त्यांच्या डोळ्यांत लगेच भरते, कारण अशा मुली थोड्या असतात. माझं तर ठाम मत आहे, की ज्या मुलीला नीट हाताखाली राहता येत नाही तिच्या हाताखाली कोणाला देऊ नये. कॅम्पात जबाबदाऱ्या फिरत्या असतात. ज्या दिवशी तू सीनियर नसशील, त्या दिवशी जी असेल तिचा तू सगळ्यात मोठा आधार हो. तुझ्या तंबूतल्या मुलींनी जसं वागावं असं तुला वाटत होतं, अगदी तसं तिच्याशी वाग.

एसएसबीत कमांड टास्क म्हणून एक प्रकार असतो. तिथे मात्र तुला लीडर नेमतात आणि गटातल्या दोघीतिघींना हाताखाली निवडायला सांगतात. मुली मैत्रिणींना निवडतात. तू कामाला बघून निवड. उंचावर चढायचं असेल तर हलक्या अंगाची, ओझं असेल तर दमदार. त्यासाठी आधीचे दिवस तुला गटातल्या प्रत्येकीकडे नीट पाहिलेलं असावं लागतं. गप्प राहणाऱ्या मुलीला हे पाहणं जमतं. तुझ्या स्वभावाचा असाही उपयोग आहे.

नकाशावाचनात तर तू इतरांना शिकवशील. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. नकाशावरची जागा सांगणाऱ्या सहा आकडी ग्रिड रेफरन्समध्ये पूर्वेकडचे तीन आकडे आधी, उत्तरेकडचे नंतर. हे पाठ करून जा, तासाभरात होतं. पण समोच्च रेषा जिथे दाटीवाटीनं येतात तिथे चढ उभा असतो, त्या वरच्या बाजूला आत वळल्या की तिथून ओढा उतरतो, हे सपाटीवर आणि इमारतींत वाढलेल्या मुलीला डोळ्यांसमोर आणायला दिवस लागतात. तालुक्याच्या गावात राहून माळ, टेकाड, नाला तुझ्या रोजच्या पायाखाली आहेत. गटाची वाट चुकतेय असं वाटलं तर थांबवायची हिंमत ठेव. होकायंत्र कोणाच्याही हातात असो, "समोर नाला दिसायला हवा होता, दिसत नाही, एकदा परत बघू" एवढं वाक्य चुकीच्या वाटेची तासाभराची पायपीट वाचवतं.

आणि हिंदी. ऑल इंडिया कॅम्पात तमिळनाडूच्या, केरळच्या, मिझोरामच्या मुली येतात. तोडकीमोडकी हिंदी ही तिथली सगळ्यांची भाषा असते. तुझी मराठी वळणाची हिंदी अनेकींना सोपी वाटेल. वर सांगितलेल्या आदेशाच्या रीतीची दहाबारा वाक्यं हिंदीत लिहून तोंडपाठ कर. तीन मिनिटांचं भाषण करायला सांगतात, त्यासाठी चारपाच विषय तयार ठेव आणि ते तुझ्या जगातले घे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची शाळा, गावाचं पाणी, एसटी. माहितीचा विषय असला की भाषा अडखळली तरी माणूस अडखळत नाही. त्या मुलींसारखी कशी होऊ, असं विचारलंयस. होऊ नकोस. त्यांच्यातल्या एकीचं वेळेचं नियोजन चांगलं असेल, एकीची कमांड, ते बघून घे. तेवढं पुरे.

दोन गोष्टी मात्र ठणकावून सांगते. पहिली, लंगरच्या रांगेत तुझ्या गटाच्या मुली आधी, तू शेवटी. देहरादूनच्या मिलिटरी अकॅडमीच्या उद्घाटनाला १९३२ साली तेव्हाचे सरसेनापती चेटवुड जे बोलले ते आजही तिथे कोरलेलं आहे. देशाची सुरक्षितता, सन्मान आणि कल्याण सगळ्यात आधी. मग तुमच्या हाताखालच्या माणसांचं. तुमची स्वतःची सोय आणि सुरक्षितता सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. तुला हे पोळीभाजीच्या रांगेत करायचंय. भाजी संपत आली तर कोणाच्या ताटात पडली नाही हे तुला कळलं पाहिजे, आणि ते शेवटी उभं राहिल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट उन्हाची. परेडला तासन् तास उभं राहून मुली कोसळतात. तुझ्या गटातली कोणी फिकी पडली, गरगरतंय म्हणाली, तर 'थोडं सहन कर, आपल्या कंपनीचे गुण जातील' असं म्हणायचं नाही. लगेच सांगायचं, तिला सावलीत न्यायचं, डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. सकाळी नाश्ता न करता फॉल-इन होणारी आणि बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी न पिणारी, या दोघींवर आधीपासून लक्ष ठेव. कोणाकडूनही, मग ती कॅडेट असो की स्टाफ, गैरवर्तन झालं, तुझ्याशी किंवा तुझ्या गटातल्या मुलीशी, तर त्याच दिवशी तुमच्या लेडी ऑफिसरना सांगायचं. अशा वेळी गप्प राहणं म्हणजे शिस्त नव्हे. आणि ज्युनियर मुलीला मजेखातर रगडा द्यायला तुला कोणी सांगितलं, तर नाही म्हण.

बाबांशी भांडू नकोस, त्यांना माहिती दे. १९९२ साली चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, देण्याचा निकाल दिला. आणि आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून मे २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी, सतराजणींची, बाहेर पडली. सैन्यात मुलींना विचारतात. तुझ्यासाठी सरळ वाट अशी, की पदवीला किमान ५० टक्के आणि एनसीसीचं सी प्रमाणपत्र किमान बी ग्रेडमध्ये असेल, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीतून अर्ज करता येतो. तिथे यूपीएससीची लेखी परीक्षा नाही. अर्जांतून निवड झाली की थेट एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी. हा कॅम्प केला म्हणजे नोकरी लागली असं मात्र त्यांना सांगू नकोस, कारण ते खरं नाही. जागा थोड्या असतात, स्पर्धा मोठी असते. म्हणून एमपीएससीचं त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस. दोन्हीला पदवी लागते, ती चांगल्या गुणांनी मिळव, आणि दोन्ही दारं उघडी ठेव. जमलं तर तुमच्या एनसीसीच्या मॅडमना एकदा घरी बोलाव. बाबांना प्रवास कसा, सोबत कोण, राहायची सोय कशी, हे विचारायचं असतं आणि मुलीला ते विचारता येत नाही. बरेचदा अडचण तेवढीच असते.

सामानाचं थोडक्यात. नवे बूट घालून कॅम्पला जायचं नाही, आत्तापासून रोज तासभर घालून ते मऊ कर. मोज्यांचे जास्तीचे जोड, फोडांसाठी पट्ट्या, पॅड पुरेसे, नेहमीची औषधं असतील तर चिठ्ठीसकट. संमतीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्राच्या दोन दोन झेरॉक्स. तंबूत राहणार असाल आणि दोऱ्या सुती असतील, तर पाऊस येताच त्या थोड्या सैल करायच्या. भिजल्या की त्या आखडतात आणि रात्री खुंट्या उपटून येतात.

राहिली प्रॅक्टिकल. निवडीचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी त्याची प्रत जोडून विभागप्रमुखांना आणि प्राचार्यांना लेखी अर्ज दे, वर तुमच्या एनसीसीच्या मॅडमची सही घे आणि पोच घ्यायला विसरू नकोस. तोंडी 'बघू' वर विश्वासून निघू नकोस. दुसऱ्या बॅचमध्ये प्रॅक्टिकल देता येईल का, हे अर्जातच विचार. जर्नल मात्र जाण्याआधी पूर्ण करून सही घेऊन ठेव. परत आल्यावर तुझ्या अंगात त्राण नसेल आणि सरांना वेळ नसेल.

तुझी,
ताई